मनातले मांडे आणि खापरावरचे मांडे

मित्रांनो, 'द मेट्रिक्स' (१९९९) हा पिक्चर होस्टेलवर बहुतेकांनी पाहिलाच असेल. त्यातल्या ट्रिनिटीला हेलिकॉप्टर उडवता येत नसतं. ती एक फोन करते, प्रोग्रॅम तिच्या डोक्यात लोड होतो आणि काही सेकंदांत बाई पायलट! सबमिशनच्या आदल्या रात्री असा फोन आपल्यालाही हवासा वाटतो. या इच्छेला मराठीत जुना वाक्प्रचार आहे – मनातल्या मनात मांडे खाणे.

पण मांडे प्रत्यक्षात कसे होतात? पारोळा, अमळनेर, एरंडोल, कुठेही जा, आखाजीला (म्हणजे अक्षय्य तृतीयेला) आमरसाबरोबर खापरावरचे मांडे लागतातच. कृती अगदी सोपी आहे. बारीक चाळलेल्या गव्हाच्या पिठाची मऊ कणीक भरपूर मळायची. दोन छोट्या पुऱ्यांमध्ये पुरण भरून कडा दाबायच्या. थोडं लाटायचं, मग हातांवर घेऊन फिरवत फिरवत मोठं करायचं आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायचं. भाजलं की घडी. झालं!

वाचायला अर्धं मिनिट लागलं. आता करून बघा.

यामागचं सायन्स आपल्याला समजतं. पीठ पाण्यात मळलं की त्यातल्या प्रथिनांची ग्लुटेन नावाची जाळी तयार होते. ती ताणली जाते आणि मागेही खेचते. मांडा हातावर स्वतःच्याच वजनाने वाढतो. हात एका जागी जरा जास्त थांबला, की तिथे तो पातळ होतो. पातळ जागेवर ताण वाढतो, म्हणून ती आणखी पातळ होते आणि शेवटी फाटते. टेन्साईल टेस्टमध्ये नेकिंग शिकलो ना, जवळजवळ तेच! मांडे करणाऱ्या मावशींना हा शब्द माहीत नसेल, पण मांडा कुठे पातळ होतोय हे त्यांच्या हाताला फाटायच्या आधी कळतं. आपल्याला शब्द माहीत आहे, हाताला मात्र काहीच कळत नाही. माहिती आणि कौशल्य यांच्यातला फरक तो हाच.

मग हाताला हे कळतं कसं? नुसती वर्षं मोजून नाही. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन वादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या सर्वोत्तम गटाचा विसाव्या वर्षापर्यंतचा एकट्याने केलेला रियाज सरासरी १०,००० तासांच्या पुढे गेला होता. (विसावं वर्ष, म्हणजे आपलंच वय. असो.) पुढे २००८ मध्ये माल्कम ग्लॅडवेलच्या 'आउटलायर्स' पुस्तकामुळे हा आकडा जगभर गाजला. पण एरिक्सन यांचं म्हणणं वेगळं होतं. आकडा महत्त्वाचा नाही, सराव कसा केला ते महत्त्वाचं. जमत नाही तोच भाग पुन्हा करायचा, चूक लगेच कळली पाहिजे आणि पुढच्या वेळी ती सुधारली पाहिजे.

या दृष्टीने मांडा हा कडक मास्तर आहे. चुकलं की तो तिथल्या तिथे फाटतो, मार्क वाढवून देत नाही. वर्कशॉपमधलं फाईलिंगही तसंच. जॉबला गुण्या लावला की फटीतून दिसणारा उजेड खोटं बोलत नाही. याउलट दुसऱ्याचं जर्नल उतरवताना काहीच फाटत नाही, म्हणून हाताला काही येतही नाही.

आता बरीच घरं मांडे ऑर्डर देऊन मागवतात. त्यात वाईट काही नाही, चवही छान असते. आपणही एआयकडून कोड मागवतो. तोही चालतो. फक्त खाणं आणि करता येणं यात गल्लत नको. इंटरव्ह्यूमध्ये कोणी 'यातली ही एक ओळ बदलून दाखवा' म्हटलं, की मागवलेले मांडे कामाला येत नाहीत. आणि डिग्रीवर तर 'याला येतं' असंच छापलेलं असणार आहे!

तेव्हा मित्रांनो, सगळंच शिकायचा हट्ट नको. एक काहीतरी निवडा – वेल्डिंग, सर्किट, कोडिंग, नाहीतर मांडे. त्यातलं जिथे फाटतंय, तिथेच रोज थोडा वेळ हात घाला.

आणि आखाजीला पानात मांडा पडला, तर घास घेण्याआधी तो जरा उजेडात धरून बघा. सगळीकडे सारखा पातळ आहे ना? त्यात किती फाटलेले मांडे जिरले असतील, याचा हिशोब करा. मग खा!