एका धाग्याचे दोन दिसू लागले तर

सोलापूरसारख्या यंत्रमागांच्या शहरात तुटलेला धागा नजरेने हेरून बोटांनी सांधण्यावर अनेक पिढ्यांचे पोट चालले आहे. तेथेही साठी ओलांडलेल्या माणसाला एका धाग्याचे दोन दिसू लागले, तर 'वय झाले, नंबर वाढला असेल' असे म्हणून ती तक्रार बाजूला सारली जाते, आणि तिरळेपणाविषयीच्या सर्व समजांत हाच सर्वांत घातक आहे. प्रत्येक डोळा सहा स्नायूंनी फिरतो व त्या स्नायूंना तीन मज्जातंतू चालवतात. त्यांतील एखादा दुबळा झाला की दोन्ही डोळ्यांची दिशा जुळत नाही, म्हणजेच तिरळेपणा येतो, आणि एकच वस्तू दोन जागी दिसते, यालाच द्विदृष्टी म्हणतात. कोणताही एक डोळा झाकल्यावर ती नाहीशी होत असेल, तर दोष डोळ्यांच्या जुळणीत असतो. एका डोळ्यानेही दोन दिसत असतील, तर कारण बहुधा मोतीबिंदू, कोरडेपणा किंवा चष्मा यांत सापडते.

मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांत मज्जातंतूला रक्त पुरवणारी सूक्ष्म वाहिनी बंद पडल्याने असा तिरळेपणा अचानक उद्भवतो आणि बहुधा तीनेक महिन्यांत ओसरतो. मात्र पापणी खाली पडली, बाहुली मोठी झाली, तीव्र डोकेदुखी सुरू झाली किंवा बोलणे अडखळू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण मेंदूतील रक्तवाहिनीला आलेला फुगा किंवा पक्षाघात त्यामागे असू शकतो. घरातील माणसांनी येथे वाट पाहू नये. सोलापुरात 'सिव्हिल' म्हणून ओळखले जाणारे शासकीय रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे.

बालपणापासूनच्या तिरळेपणाची गोष्ट निराळी. तेथे मेंदू वळलेल्या डोळ्याचे चित्र दाबून टाकायला शिकलेला असतो, म्हणून सहसा दोन दिसत नाहीत. अशा डोळ्याला कोणी भाग्याचे लक्षण मानतात, तर कोणी 'चकणा' म्हणून आयुष्यभर हिणवतात. दोन्हींना वैद्यकीय आधार नाही, आणि दुसऱ्याने झालेली जखम खरी असते.

'आता या वयात काय उपयोग' हे म्हणणे अर्धेच खरे आहे. बालपणी मंदावलेली नजर उतारवयात परत मिळणे कठीण असते, परंतु डोळे सरळ करणे बहुतेकांना कोणत्याही वयात शक्य असते, आणि आत वळलेला डोळा सरळ झाल्यावर बाजूचे दृश्यक्षेत्रही रुंदावू शकते, त्यामुळे त्याला निव्वळ सौंदर्योपचार म्हणणे अन्यायाचे आहे. १८३९ साली बर्लिनमध्ये शल्यचिकित्सक डिफेनबाख यांनी तिरळेपणावरील पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. आजही डोळा खोबणीतून बाहेर काढला जात नाही, केवळ त्याच्या बाहेरील स्नायू सैल किंवा घट्ट केले जातात. लहान कोनाचा तिरळेपणा असेल, तर प्रकाश वळवणारे लोलक चष्म्यात बसवून दोन्ही चित्रे एकत्र आणता येतात, आणि तो चष्मा तयार होईपर्यंत एका काचेवर अपारदर्शक पट्टी चिकटवली, तरी जिना उतरताना दोन पायऱ्या दिसण्याचा धोका टळतो.