रानडुक्कर, उदमांजराचा त्रास? बंदुकीचा विचार करण्याआधी हे वाचा

कासुर्डी (ता. दौंड) : उसात रानडुकरं, पत्र्यावर उदमांजर. मग ‘कोणती बंदूक घ्यावी?’ हा विचार येतोच. पण आधी परवानगीचं बघा.

परवानग्या दोन, आणि दोन्ही वेगळ्या. बंदूक बाळगायला शस्त्र कायदा 1959 प्रमाणे परवाना लागतो. पीक संरक्षणासाठी असली तरीही. पण परवाना हातात आहे म्हणून जनावर मारता येत नाही. त्यासाठी वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 11 नुसार वन खात्याचा लेखी आदेश हवा. तो नसताना रानडुक्कर मारलं तर 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. एअरगनने मारलं तरी ती शिकारच.

आदेश मिळाला तरी उसात अंदाजाने गोळी झाडू नका. पलीकडे ऊसतोड मजुरांच्या कोप्या असू शकतात. बारीक छऱ्यांनी डुक्कर मरत नाही. जखमी होऊन अंगावर येतं. मारलेलं जनावर सरकारजमा होतं, मटणाचे वाटे घालता येत नाहीत. कुंपणात करंट सोडणं, गावठी बॉम्ब ठेवणं तर नकोच. त्यात माणसं नि गुरं जातात.

उदमांजराला बंदूक लागतच नाही. आत पिल्लं नाहीत ना हे बघून पत्र्याच्या फटी जाळीनं बुजवा, कोंबड्यांचं खुराडं रात्री बंद ठेवा, पडलेली फळं उचला. डुकरांनी पीक तुडवलं तर फोटो काढा, पंचनाम्यापर्यंत शेत तसंच ठेवा आणि वन खात्याकडे भरपाईचा अर्ज लगेच करा. वन विभागाची हेल्पलाइन : 1926.