जुने संगणक, नवे जाळे आणि आपली मुले

जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतील ब्राह्मी शिलालेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या, कांस्यकारांच्या आणि धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. या मातीत कष्टकऱ्यांचे ज्ञानाशी नाते इतके जुने आहे. मधल्या काळात ते तोडले गेले. आज ज्ञानाचा मोठा साठा इंटरनेटच्या जाळ्यात आहे, आणि जुन्नर-आंबेगावच्या वस्त्यांत पालक आम्हाला विचारतात, "भारीतला संगणक घेतल्याशिवाय पोरांना यातले काय कळणार?" याचे उत्तर एका जुन्या यंत्रापाशी आहे.

1984 साली केंद्र सरकारने 'क्लास' प्रकल्प सुरू करून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक दिले. ते आठ-बिटी, म्हणजे एका वेळी आठ शून्य-एकांचा हिशेब करणारे होते. स्मृती अवघी 32 किलोबाइट. आम्ही पडलो कारकून, म्हणून आकडेमोड करून पाहिली. मोबाईलवरचा 3 मेगाबाइटचा एक फोटो साठवायला असे 96 संगणक लागतील! भारतात 15 ऑगस्ट 1995 रोजी इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले, तोवर ही यंत्रे मागे पडली होती.

तरीही जगभरचे हौशी लोक ती इंटरनेटला जोडतात. बीबीसी मायक्रोला मागे सिरियल पोर्ट आहे. त्याला 'ईएसपी 8266' या स्वस्त चिपचे छोटे सर्किट जोडतात. हे सर्किट टेलिफोनच्या जुन्या मोडेमचे सोंग घेते. संगणक फोन नंबरऐवजी इंटरनेटचा पत्ता सांगतो, सर्किट वायफायवरून तिथे पोहोचते आणि आलेली अक्षरे पडद्यावर उमटतात. ही चिप 3.3 व्होल्टवर चालते, म्हणून मध्ये व्होल्टेज जुळवणारा भाग हवाच. नाहीतर चिप जळेल. जुना वीजपुरवठाही जाणकाराकडून तपासून घ्यावा. आजची बहुतेक संकेतस्थळे सांकेतिक कुलपात असतात. ते कुलूप उघडणे या यंत्राला झेपत नाही, म्हणून ते काम मधल्या एखाद्या नव्या यंत्राकडे देतात. फोटो-व्हिडिओ विसरा, पण मजकूर वाचता येतो, निरोप धाडता येतो.

हे जमते, कारण जाळ्याचा नियम सर्वांना सारखा आहे. पाकिटावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता नियमाप्रमाणे असला की ते पुढे जाते. यंत्र जुने की नवे, श्रीमंताचे की गरिबाचे, हे जाळे विचारत नाही. समाज मात्र विचारतो. 2020 साली शाळा मोबाईलवर भरू लागल्या, तेव्हा ज्यांच्या घरी मोबाईल नव्हता ती मुले वर्गाबाहेर राहिली. तिथे यंत्रे कमी ताकदीची नव्हती, वाटप विषम होते.

म्हणून आमची सूचना अशी की, कचेऱ्यांतून भंगारात निघणारे संगणक रीतसर मागून घ्यावेत आणि विहारात रविवारी वर्ग भरवावा. मुलींना आधी हात लावू द्यावा. यंत्र उघडून, जोडून, बिघडले तर दुरुस्त करून मुले शिकतील. खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. संगणकातून निघणाऱ्या लहरींचा तिला अडथळा होऊ शकतो, म्हणून त्या परिसरात आधी तिथल्या शास्त्रज्ञांना विचारावे. विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरत आले आहे, तेही मुलांना दाखवावे.

बंधू-भगिनींनो, पैशांअभावी यंत्र जुने असले तरी चालेल, पण आपली मुले नुसती बटणे दाबणारी राहता कामा नयेत. आत काय चालते, हे त्यांना कळलेच पाहिजे.

जयभीम!