सूचना एकाची, चित्र दुसऱ्याचें

पंचवटींतील जुन्या घरांवरून जातांना दारापुढील रांगोळी आपण नित्य पाहतां. ती शिकविण्याची रीत मात्र फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. एक गृहिणी दुसरीस नुसतें "सात ते चार" असें सांगते. मधल्या ओळींत सात ठिपके मांडावे. मग वर व खालीं, दोन ठिपक्यांच्या मधोमध एक अशा बेतानें, ओळीगणिक एकेक कमी करीत चारांवर थांबावें, असा त्याचा अर्थ. एकूण ३७ ठिपके होतात. ते जोडण्याच्या कांहीं रीती ठरलेल्या आहेत. पण रेघेचें वळण व रंग हीं जिच्या तिच्या हातावर सोपविलेलीं असतात. मग ती रांगोळी कोणाची? सांगणारीची कीं काढणारीची?

हाच प्रश्न विसाव्या शतकांत कांहीं कलावंतांनीं मुद्दाम उभा केला. योको ओनो ह्या जपानी चित्रकर्त्रीनें १९६४ सालीं टोकियो येथें 'ग्रेपफ्रूट' नांवाचें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत वाचकानें हातानें किंवा केवळ मनांत पुऱ्या कराव्या अशा सूचना आहेत. अमेरिकेंतील सॉल लेविट हे १९६८ पासून भिंतीवरील चित्रांच्या सूचना लिहून देत, आणि रेघा बहुधा इतर माणसें ओढीत. ते २००७ सालीं वारले. तरी त्या सूचनांवरून नव्या भिंतींवर अद्यापि चित्रें उमटतात. येथें कल्पना मुख्य, म्हणून हिला संकल्पनाकला म्हणतात.

रांगोळी मांगल्यासाठीं, ही कला विचारास चालना देण्यासाठीं. दोहोंचे हेतु भिन्न आहेत. तथापि दोहींतही पाहणारा केवळ प्रेक्षक राहत नाहीं. "सूचना काय, कोणीही देईल!" असें कोणी म्हणेल. परंतु फार सांगितलें तर करणाऱ्यास वाव उरत नाहीं, आणि फार थोडें सांगितलें तर गोंधळ होतो. नेमकें सांगणें हेंच कौशल्य होय. शिवाय, ऐकलेलें वचन आचरणांत आल्यावांचून पुरें होत नाहीं, हें आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकतोंच.

तेव्हां येत्या सुटींत चौघां भावंडांनीं "सात ते चार" ही एकच सूचना घेऊन, एकमेकांकडे न पाहतां रांगोळी काढावी. "मला चित्र काढतां येत नाहीं" असें म्हणून जें मूल मागें राहतें, त्यास पालकांनीं अगत्यानें बरोबर घ्यावें. चारही रांगोळ्या शेजारीं पाहिल्या म्हणजे त्यास कळून येईल कीं, ठिपके सर्वांचे सारखे असले तरी त्याची रेघ त्याचीच आहे.