जोते, काठ आणि नाला : नया नगर परिसरातील पर्जन्यजलविषयक नियमांची परिभाषा

मुंबईची उत्तर सीमा असलेले दहिसर ओलांडले म्हणजे पश्चिम रेल्वेचे पहिले स्थानक लागते ते मीरा रोड. या स्थानकाच्या पूर्वेस असलेली नया नगर ही वस्ती विसाव्या शतकाच्या अखेरच्या पाव शतकात आकारास आली. तिचे वय तिच्या नावातच नोंदलेले आहे. जवळच नवघर हे जुने गाव आहे आणि सकृद्दर्शनी त्याच्याही नावात नवेपणाच आहे. जुन्या वस्तीने मराठी ‘नव’ वापरला, नव्या वस्तीने हिंदी-उर्दूतील ‘नया’. एकाच भूप्रदेशावर दोन भाषांनी आपापल्या काळी केलेली ही नोंद स्थलनामांच्या अभ्यासकास कुतूहलाची वाटेल. मात्र त्याच परिसरातील खारी या गावाचे नाव काळाविषयी काही सांगत नाही. ते पाण्याची चव सांगते. प्रस्तुत विवेचनाचा विषय त्या चवीशी निगडित आहे. जेथे भूमी स्वभावतः खाडीची, तेथे घरे बांधताना पावसाच्या पाण्याची वाट कोणी व कशी राखावी, याविषयीचे नियम कोणत्या शब्दांत सांगितले गेले आहेत, आणि त्या शब्दांत येथील भूमी कितपत मावते, हे पाहावयाचे आहे.

मीरा-भाईंदरच्या उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र व मनोरीची खाडी आणि पूर्वेस घोडबंदरकडील डोंगर आहेत. यांमधील सपाट पट्टा प्रामुख्याने भातखाचरे, खाजणे व मिठागरे यांचा होता. खाजण म्हणजे भरतीचे पाणी जिच्यावर चढते अशी खाडीलगतची सखल भूमी. ती लागवडीखाली आणावयाची तर बाहेरून बांध घालून खारे पाणी रोखावे लागते आणि आतले गोडे पाणी बाहेर जाऊ द्यावे लागते. या दुहेरी कामासाठी कोकणात ‘उघाडी’ची योजना असते. बांधातील या दारास एकच दिशा ठाऊक असते: भरतीच्या दाबाने ते मिटते आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. गोव्यात याच योजनेस ‘मानस’ म्हणतात. मुंबई सरकारने १८७० साली भाईंदर, मिरे व घोडबंदर येथील जमिनी रामचंद्र लक्ष्मणजी यांस ९९९ वर्षांच्या पट्ट्याने दिल्या, त्यामागेही खाऱ्या पाण्यापासून शेतीचे रक्षण करणारे बांध राखण्याचा हेतू होता. पाण्याची व्यवस्था राखणे ही जमीन धारण करण्याशी जोडलेली जबाबदारी आहे, हा विचार या किनाऱ्यास नवा नाही. पुढे १९४८ चा मुंबईचा आणि १९७९ चा महाराष्ट्राचा खारभूमीविषयक अधिनियम यांनी तो विचार शासकीय चौकटीत आणला.

खाचराचे बांध वीतभर उंचीचे असत, आणि त्यांचे खरे सामर्थ्य आकड्यांत मांडल्यावाचून ध्यानात येत नाही. दहा हेक्टर जमिनीवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५,००० घनमीटर पाणी जमते. त्याच दहा हेक्टरांतील खाचरे रिकामी असतील आणि त्यांत १५ सेंटिमीटर पाणी मावत असेल, तर १५,००० घनमीटर, म्हणजे अशा मुसळधार पावसाचे तीन तासांचे पाणी, जागच्या जागी थांबते. भरतीपासून ओहोटीपर्यंत सुमारे सहा तास लागतात. उघाडी मिटलेली असताना खाचरे पाणी सांभाळीत आणि ओहोटीस ते सोडून देत. आता तीच भूमी भरावाने उंचावून तिच्यावर इमारती, रस्ते व फरसबंदी आली की पाण्याला थांबावयास जागा उरत नाही. जलनिस्सारणाच्या अभियांत्रिकीत पाऊस, क्षेत्रफळ आणि ‘अपधाव गुणांक’ यांचा गुणाकार करून प्रवाहाचा अंदाज बांधण्याची एक सुगम रीत आहे. आयर्लंडमधील मल्वेनी यांनी १८५० च्या सुमारास तिचा पाया घातला आणि अमेरिकेतील कुइकलिंग यांनी १८८९ साली ती नगरांच्या गटारांसाठी वापरात आणली. मोकळ्या जमिनीचा गुणांक ०.३ धरला आणि काँक्रीटने झाकलेल्या जमिनीचा ०.९ धरला, तर त्याच पावसाचे वाहणारे पाणी तिप्पट होते. मुंबई शहरातील जुन्या पर्जन्यजलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस आणि ०.५ गुणांक गृहीत धरून बांधलेल्या होत्या. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ५० मिलिमीटर आणि १.० गुणांक सुचविला. गुणांक एक धरणे म्हणजे, व्यवहारतः, शहरात मुरण्याजोगी जमीन उरलीच नाही असे मान्य करणे होय.

मीरा-भाईंदरमध्ये हे स्थित्यंतर फार वेगाने घडले. नगरपरिषदेची स्थापना १९८५ साली झाली आणि २००२ साली तिची महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेदोन लाख होती. २००१ मध्ये ती पाच लाख वीस हजारांवर आणि २०११ मध्ये आठ लाख नऊ हजारांवर गेली. नगर आधी वाढले आणि नियमांची भाषा मागाहून आली, असे येथे घडले.

आज या नगरास लागू असलेली नियमावली म्हणजे डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने अधिसूचित केलेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली होय; मुंबई महानगर वगळता राज्यातील बहुतेक नगरांस ती एकच आहे. तिच्यात पावसाच्या पाण्याचा विचार एका प्रकरणात एकवटलेला नसून विखुरलेला आहे. जागेच्या योग्यतेविषयीच्या नियमांत सांगितले आहे की, ज्या भूखंडाचा निचरा नीट होऊ शकत नाही तो बांधकामास योग्य नव्हे. रेखांकनाच्या नकाशावर नैसर्गिक जलप्रवाह व निचऱ्याच्या रेषा दाखवाव्या लागतात. ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजलसंधारणाची व्यवस्था आवश्यक आहे. यांपैकी शेवटचा नियम सर्वांत लोकप्रिय आणि, येथील मातीचा विचार करता, सर्वांत कमी उपयोगाचा म्हणावा लागेल. खाजणाच्या चिकणमातीत पाणी सावकाश मुरते, पावसाळ्यात भूजल जमिनीपासून फार खाली नसते, आणि जे असते ते बहुधा खारवट असते. पठारावरील नगरास जे संधारण वरदान ठरते ते येथे टाकीत पाणी साठविण्यापुरतेच खरे. खड्डा खणून मुरविण्याची रीत येथे खड्ड्यातच राहते.

भाषाभ्यासकाचे लक्ष जाते ते ‘नाला’ या शब्दाकडे. विकास नियंत्रण नियमांत जलप्रवाहांचे मोठे व लहान असे दोन वर्ग केलेले असतात. नदी पहिल्यात, नाला दुसऱ्यात, आणि काठापासून मोकळे सोडावयाचे अंतर या वर्गावर ठरते. म्हणजे प्रवाहाचे नाव हे केवळ वर्णन नसून त्याच्या हक्काची मोजपट्टी आहे. मुंबईतील मिठीला कित्येक वर्षे नालाच म्हणत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर त्याच वर्षी तिच्यासाठी प्राधिकरण स्थापन झाले ते मात्र मिठी ‘नदी’ या नावाने. नाव बदलण्यास महापूर लागला. मीरा-भाईंदरच्या सपाटीवरील प्रवाहांची स्थिती आणखी बिकट आहे, कारण ते धड नदीही नव्हेत आणि नालाही नव्हेत. ते खाडीचे फाटे आहेत. त्यांतील पाणी दिवसातून दोनदा उलटे वाहते. उतार असेल त्या दिशेने पाणी वाहते, या गृहीतावर ‘जलप्रवाह’ ही संज्ञा उभी आहे. खाडीच्या फाट्यास ती लावली की नियमाचे व्याकरणच डळमळते.

त्याच नियमांत एक परंतुक आढळते. लहान प्रवाह सखल भूमीतून जात असेल आणि त्याचे काठ स्पष्ट नसतील, तर त्यास आखून दिलेल्या मार्गाने व छेदाने वळविण्याची मुभा प्राधिकरण भूखंडधारकास देऊ शकते. पठारावर हा अपवाद खरोखरच अपवाद राहतो. खाजणात काठ स्पष्ट नसणे हीच भूमीची प्रकृती आहे. भरतीस पाणी पसरते, ओहोटीस आकुंचते, आणि काठ म्हणजे त्या क्षणी पाणी जेथे आहे ती जागा. अशा भूमीत परंतुक हाच नियम होऊन बसतो. बोलीत ‘काठ’, ‘तट’, ‘थड’, ‘कड’ असे भेद असतात. नियमांच्या मराठीत ते सारे ‘काठ’ या एका शब्दात गोळा झालेले दिसतात. परिभाषा घडविताना नेमकेपणासाठी पर्याय छाटावे लागतात हे खरे. येथे छाटणी नेमकी त्याच ठिकाणी झाली, जेथे भेदांची गरज होती.

परंतु नया नगरसारख्या दाट वस्तीत नाल्याच्या काठापेक्षाही अधिक वाद होण्याजोगी संज्ञा ‘जोते’ ही आहे. जोते म्हणजे इमारतीचा जमिनीवरचा भरीव पाया, ज्याच्या माथ्यावर तळमजल्याची फरशी येते. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार ते सभोवतालच्या जमिनीपेक्षा किमान ४५ सेंटिमीटर उंच असावे. वाक्य निर्दोष आहे. अडचण ‘सभोवतालची जमीन’ या पदात आहे. ही जमीन भरावापूर्वीची की नंतरची? आपल्या आवाराची की शेजाऱ्याच्या? इमारत बांधली त्या वर्षीची की आजची? ‘येथे’, ‘तेथे’, ‘आज’ यांसारख्या शब्दांचा अर्थ बोलणाऱ्याच्या स्थितीवर अवलंबून असतो. तसेच हे पद आहे. रस्त्यावर दुरुस्तीगणिक डांबराचा किंवा काँक्रीटचा थर चढतो आणि रस्ता उंचावतो. शेजारची जुनी इमारत पाडून नवी उभारताना तिचे जोते या उंचावलेल्या रस्त्यापासून मोजले जाते. तीसचाळीस वर्षांपूर्वी नियम पाळून बांधलेल्या इमारतीचा तळमजला, तसूभरही न हलता, दोहोंच्या खाली येतो. ‘आमची बिल्डिंग खाली गेली’ असे रहिवासी म्हणतात. व्याकरणदृष्ट्या इमारत येथे कर्ता आहे. वस्तुतः तिने काहीच केलेले नाही. प्रत्येक बांधकाम स्वतंत्रपणे नियमास धरून असते, आणि सर्व मिळून पाणी त्यांच्या घरात पोहोचविले जाते जे सर्वांत आधी नियमानुसार वागले.

या प्रश्नास कायद्याची एक जुनी बाजू आहे, जिचा उल्लेख फारसा होत नाही. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८९१ मध्ये मुंबई इलाख्यास लागू झाला. त्याच्या सातव्या कलमातील एका उदाहरणानुसार, वरच्या जमिनीवर पडलेले आणि निश्चित पाटातून न वाहणारे पाणी खालच्या जमिनीवर नैसर्गिकपणे वाहू देणे हे खालच्या जमिनीच्या मालकास भाग आहे. तत्त्व शेतकऱ्यांच्या बांधाला बांध असलेल्या जगातले आहे. तेथे वरचा व खालचा कोण हे डोंगराने ठरविलेले असते. भरावाच्या भूमीत ते ट्रकने ठरते. काल जो खालचा होता तो दोन महिन्यांत वरचा होतो आणि त्याच्या आवारातले पाणी वरच्याच्या अधिकाराने उतरू लागते. कलमातील सारा भार ‘नैसर्गिकपणे’ या क्रियाविशेषणावर आहे: भरावाने निर्माण केलेला उतार नैसर्गिक नव्हे, हे शब्दांच्या अर्थावरूनच निघते. तथापि मूळ पातळीची नोंद नसेल तर नैसर्गिक काय होते हे सांगावयास साक्षीदार उरत नाही.

याच ठिकाणी सिंगापूरच्या नियमांशी तुलना बोधक ठरते. तेही सखल, पावसाळी आणि भराव घातलेले बेट आहे. तेथे भूखंडाची किमान पातळी देशाच्या एका स्थिर आधारपातळीपासून सांगितली जाते, केवळ शेजारच्या रस्त्यापासून नव्हे. शिवाय जानेवारी २०१४ पासून ०.२ हेक्टर वा अधिक क्षेत्राच्या विकासात पाणी आवारातच काही काळ थोपवून बाहेर जाणारा कमाल प्रवाह ०.५५ गुणांकाइतका सीमित ठेवावा लागतो. हे म्हणजे खाचराचा वीतभर बांध नव्या रूपात परत आणणे होय. आपल्या नियमांत पाणी ‘वाहून नेणे’ आणि ‘मुरविणे’ या दोन क्रिया आहेत. ‘थोपविणे’ ही तिसरी क्रिया, जी खाजणाच्या शेतीचा प्राण होती, जवळजवळ नाही. खाडीकाठची कांदळवने हे काम काही अंशी अजून करतात. त्यांस मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशाने व १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने, भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यासह, संरक्षण मिळाले आहे. पण दाट वस्तीच्या आतल्या पाण्यास त्याचा आधार अप्रत्यक्षच.

स्थिर पातळी असा शब्दप्रयोग करतानाही एक सावधगिरी हवी. भरतीची उंची वर्तमानपत्रांत ४.५ मीटर अशी छापली जाते ती सागरी नकाशांच्या आधारपातळीपासूनची असते. जमिनीची उंची भूमापनात सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात. मुंबईच्या किनाऱ्यावर या दोहोंत सुमारे अडीच मीटरचे अंतर आहे. तेव्हा साडेचार मीटरची भरती म्हणजे भूमापनाच्या भाषेत सुमारे दोन मीटर. दोन्ही आकड्यांस मराठीत ‘उंची’ असा एकच शब्द लावला जातो, आणि नाल्याचे मुख भरतीत बुडेल की नाही हे या अडीच मीटरांच्या हिशेबावर अवलंबून असते.

नया नगरमधील पहिल्या पिढीच्या इमारती आता पुनर्विकासाच्या वयास आल्या आहेत. बांधकाम परवानगीच्या नकाशात प्रस्तावित जोत्याची उंची लिहावी लागतेच. तिच्या शेजारी आणखी दोन नोंदी सक्तीच्या केल्या, एक लगतच्या इमारतींच्या तळमजल्यांची सरासरी समुद्रसपाटीपासूनची पातळी आणि दुसरी भूखंडातील पाणी ज्या नाल्यात जाणार त्याच्या तळाची पातळी, तर ‘सभोवतालची जमीन’ या पदास प्रथमच एक निश्चित अर्थ प्राप्त होईल. या नोंदींसाठी नव्या कायद्याची गरज नाही; भूमापकाचे एका दिवसाचे काम आणि नमुन्यात दोन स्तंभ एवढे पुरे आहे.