कांद्याच्या पेशीत अकरा मीटर

कांदे साठवायच्या बराकीतून एक कांदा उचला. बाजारात नेण्याच्या लायकीचा नको. गोल्टीतला, म्हणजे बारीक मालातला, एका अंगाने मऊ पडलेला, डोक्यावर हिरवा कोंब काढून बसलेला असला तरी चालेल. जुन्नर-आंबेगावात तो कुणाच्याही घरी फुकट मिळतो. तो बारीक चिरा, अर्धा पेला पाणी घालून मिक्सरमध्ये जेमतेम दहा सेकंद फिरवा आणि फडक्यातून गाळून घ्या. त्या पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक चमचा आणि अर्धा चमचा मीठ घालून, फेस येऊ न देता, हलक्या हाताने ढवळा. दहा मिनिटं थांबा. मेडिकलमधून आणलेलं स्पिरिट घट्ट झाकणाच्या बाटलीत रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलेलं असू द्या. आता पेला तिरका धरून ते कडेकडेने सोडा. (शेगडी बंद, आणि ओतायचं काम मोठ्या माणसाचं.) स्पिरिट वर तरंगतं, कांद्याचं पाणी खाली राहतं आणि दोघांच्या सीमेवर ढग जमू लागतो. मग त्यातून बारीक बुडबुड्यांसकट पांढरे तंतू वर चढतात. खराट्याच्या काडीवर गुंडाळले तर लोंबतात. मुलं त्याला लगेच 'शेंबूड' म्हणतात, आणि वर्णन म्हणून ते अगदी अचूक आहे.

हा डीएनए. पुस्तकात लाल-निळ्या शिडीसारखा काढलेला असतो, तोच.

माझा पहिला प्रयत्न फसला होता. स्पिरिट गार केलं नव्हतं, मिक्सर मिनिटभर फिरवला होता, आणि हाती आलं ते नुसतं गढूळ पाणी. फसल्यावरच कळलं की यातली एकही पायरी शोभेची नाही. पेशीचं आवरण आणि आतल्या केंद्रकाचं आवरण, दोन्ही स्निग्ध पदार्थांची बनलेली. कढईचा तेलकटपणा काढणारं लिक्विड तीही फोडतं. डीएनएच्या धाग्यांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. मिठातला सोडियम तो भार झाकतो आणि धागे एकमेकांना चिकटू शकतात. पाण्यात डीएनए विरघळतो, स्पिरिटात नाही, आणि गार स्पिरिटात तर मुळीच नाही. मिक्सर जास्त वेळ फिरला की धाग्यांचे तुकडे होतात आणि काडीवर काहीच येत नाही. एक कबुलीही द्यायला हवी: काडीवर आलेला तो गोळा शुद्ध डीएनए नसतो. त्यात कांद्याचं पेक्टिन आणि थोडी प्रथिनंही अडकलेली असतात. प्रयोगशाळेत पुढचं सगळं काम ती वेगळी काढण्याचंच असतं.

आता खरी गंमत. माणसाच्या गुणसूत्रांच्या एका संचात डीएनएची सुमारे ३१० कोटी अक्षरं असतात. कांद्याच्या संचात सुमारे १,६०० कोटी. म्हणजे पाचपट. प्रत्येक पेशीत असे दोन संच असतात, आणि एका अक्षराची जागा ०.३४ नॅनोमीटर. गुणाकार करा: कांद्याच्या एका पेशीतला धागा सरळ केला तर जवळजवळ ११ मीटर भरतो. आपल्या पेशीतला कसाबसा २ मीटर. बुक्कीने फुटणाऱ्या कांद्याला माणसाच्या पाचपट मजकूर कशाला लागतो? जीवशास्त्रज्ञ या कोड्याला गमतीने 'कांद्याची परीक्षा' म्हणतात: जादा डीएनएचं काम सांगणारा सिद्धांत कुणी मांडला, की तो आधी कांद्याला लावून बघायचा. त्यातला बराचसा मजकूर त्याच त्या तुकड्यांच्या नकला आहेत, जीनोममध्ये इकडून तिकडे उड्या मारून वाढलेल्या, एवढं दिसतं. आठवीतल्या मुलाच्या हातातल्या काडीवर हे न सुटलेलं कोडं लोंबत असतं.

हे सगळं शाळेच्या तासाबाहेर कुठे करायचं? नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी दुर्बीण आहे. तिच्या मधल्या १४ तबकड्या खोडदच्या परिसरात एकमेकींजवळ उभ्या आहेत, बाकीच्या वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर शेतांमधून पसरलेल्या. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, तिथे गावोगावच्या शाळांची मुलं आपापले प्रयोग मांडतात आणि बघायला जत्रेसारखी गर्दी होते. आकाशाकडे कान लावून बसलेल्या यंत्राच्या सावलीत जीवशास्त्राचे प्रयोगही असतात. माझं एक मत आहे, पटो न पटो: कुठल्याही शालेय प्रदर्शनातलं लाल दिवे लावलेलं थर्मोकोलचं हृदय मला कंटाळा आणतं. ते कसं चालतं हे आधीच ठाऊक असतं, मुलालाही आणि मलाही. काडीवरचा शेंबूड मात्र दर वेळी थोडा वेगळा येतो.

आंबेगावच्या पूर्वेला, शिरूर तालुक्यात, पाबळला १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचं, ही त्याची रीत. त्यातून शाळांसाठी जो अभ्यासक्रम उभा राहिला, त्यात शेती-पशुपालन आणि घर-आरोग्य हे अर्धे विषय जीवशास्त्राचेच आहेत, फक्त त्यांना तसं कुणी म्हणत नाही. गाईचं वजन काट्याविना काढायचं बघा. शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचांत मोजा, त्याचा वर्ग करा, खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतच्या लांबीने गुणा, ६६० ने भागा. घेर ६५ आणि लांबी ६० असली तर ३८४ किलो. घरची गाय मुलाने आठ वर्षं रोज बघितलेली असते, पण ती पावणेचारशे किलोंच्या वर आहे हे त्याला त्या दिवशी कळतं. मग जंताच्या औषधाची मात्रा वजनावर का ठरते, हा प्रश्न तो स्वतःच विचारतो.

बिबट्याबद्दल लिहिताना मात्र जपून लिहावं लागतं. या पट्ट्यात माणसं गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत. शहरातून येऊन 'किती सुंदर प्राणी' म्हणणाऱ्याला इथला माणूस जे उत्तर देईल ते मला ऐकायचं नाही. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, तेही जुन्नर तालुक्यातच असण्याला कारण आहे. धरणांचं पाणी आलं, ऊस आला, आणि वर्ष-दीड वर्ष उभा राहणारा ऊस म्हणजे मादीला लपायला आणि पिल्लं वाढवायला झाडोऱ्याइतकाच सोयीचा. तिचा गर्भकाळ फक्त तीन-साडेतीन महिन्यांचा. ऊसतोडीला फडात पिल्लं सापडतात ती त्यामुळे.

पण बिबट्या खातो काय? हे शोधायची रीत इतकी साधी आहे की मुलांनी करून बघावी. शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा गोळा केली, धुतली, वाळवली आणि तिच्यातले केस सूक्ष्मदर्शकाखाली धरले. केस पचत नाहीत. हिशेब आला तो असा: बिबट्याच्या पोटात वजनाने सुमारे ३९ टक्के भाग कुत्र्यांचा होता. मुलांनी विष्ठेच्या मागे जाऊ नये, उसाच्या कडेला तर नाहीच. पण शेळीचा एक केस, घरच्या मोत्याचा एक आणि स्वतःचा एक काचपट्टीवर शेजारी शेजारी ठेवले, तरी पुरे. केसाच्या मधोमध एक गाभा असतो. शेळीच्या केसात बहुधा जाड, जाळीदार. माणसाच्या केसात बारीक, तुटक, कधी अजिबात नाही. एकदा हा फरक डोळ्याने बघितला की पुरावा म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

सूक्ष्मदर्शक कुठून आणायचा? स्टॅनफर्डमध्ये काम करणारे मनु प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली कागदाची घडी घालून बनवायचा सूक्ष्मदर्शक जगापुढे मांडला, फोल्डस्कोप. त्यात काचेचा एक इवलासा मणी असतो आणि तो वस्तू १४० पट मोठी दाखवतो. तत्त्व साडेतीनशे वर्षं जुनं आहे: हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहुक या कापडवाल्याने अशाच एकेका इवल्या भिंगातून पावसाच्या पाण्यातले जीव पहिल्यांदा बघितले होते. तेही नसलं तर दारातल्या ओल्या मातीकडे बघा. मांजराच्या पावलात नखं उमटत नाहीत, कुत्र्याच्या पावलात उमटतात. मांजराची नखं चालताना आत ओढलेली असतात, बिबट्याचीही तशीच. अंगणातलं मांजर रोज बिबट्याच्या ठशाची छोटी आवृत्ती काढून ठेवत असतं. कडेने पुठ्ठ्याची पट्टी लावून प्लास्टर ऑफ पॅरिस ओतलं की ठसा कायमचा हातात.

पश्चिमेला चढत गेलं की कांदा संपतो आणि हिरडा सुरू होतो. तिथल्या महादेव कोळी घरांतली मुलं बाळहिरडा गोळा करतात, वाळवतात, विकतात. त्यांना त्याची चव सांगायला नको. तोंड का आवळून येतं, हे मात्र घरात बघता येतं. हिरड्याची पूड पाण्यात उकळून गाळा आणि त्या पाण्यात अंड्याचा पांढरा बलक टाका. तो लगेच गुठळ्या होऊन फाटतो. हिरड्यातलं टॅनिन प्रथिनांना धरून त्यांचा गठ्ठा करतं; जिभेवर हेच लाळेतल्या प्रथिनांचं होतं, वंगण जातं आणि जीभ खरखरीत लागते. तुरट ही चव कमी आणि स्पर्श जास्त, असं काही शास्त्रज्ञ म्हणतात ते म्हणून. त्याच पाण्यात गंजलेला खिळा रात्रभर ठेवा. सकाळी काळी शाई. पिढ्यानपिढ्या कातडी कमावायला हिरडा का वापरला, तेही यातच आलं: कातडं म्हणजे प्रथिनच.

आणि मग भीमाशंकरचं अभयारण्य, शेकरूचं. पावसाळ्यात, लाकूड चांगलं भिजून कुजायला लागलं की, इथल्या ओल्या फांद्या आणि पाचोळा रात्री उजळतो. मायसिना वंशातली बुरशी. दिवसा बघितली तर काही विशेष नाही, कुजक्या लाकडावर असावी तशी. ही बुरशी कॅफेइक आम्लापासून एक इंधन बनवते, एक विकर त्याचा प्राणवायूशी संयोग घडवतं आणि त्या क्रियेतून प्रकाश बाहेर पडतो, उष्णता मात्र नगण्य. काजवाही असंच करतो, पण त्याचं इंधन वेगळं. कॅफेइक आम्ल झाडांमध्येही असतं, म्हणून २०२० साली संशोधकांनी बुरशीची ही जनुकं तंबाखूच्या झाडात घातली, आणि झाड मुळापासून फुलापर्यंत आपोआप उजळत राहिलं.

अभयारण्यात रात्री जायला वनखात्याची परवानगी लागते, आणि तिथलं पानही उचलायचं नसतं. गटाने गेलं आणि सगळ्यांनी बॅटऱ्या, मोबाइल बंद केले तरी पहिली पाच मिनिटं काही दिसत नाही. मुलं कुजबुजतात, कुणीतरी 'फसवलं' म्हणतं. डोळ्यातल्या, अंधारात बघणाऱ्या पेशींना पुरतं जागं व्हायला अर्धा तास लागतो. मग पायाशी एक काटकी दिसू लागते, मग दुसरी, मग लक्षात येतं की सगळा उतारच मंद उजळलेला आहे. आणि वाद सुरू होतो. एक म्हणतो हिरवा प्रकाश आहे, दुसरा म्हणतो छे, राखाडी. मोबाइलने बराच वेळ स्थिर धरून काढलेल्या फोटोत तो स्वच्छ हिरवा येतो. अंधारात बघणाऱ्या त्या पेशींना रंग कळतच नाही, त्यामुळे राखाडी म्हणणाराही खोटं बोलत नसतो. तरी कुणी माघार घेत नाही, आणि गाडीत बसेपर्यंत तो वाद चालूच असतो.