माळी, शिडी आणि विम्याचा कागद

मे महिना निम्मा सरला की मुंबई-ठाण्यापासून पुण्यापर्यंतच्या सोसायट्यांना एकदम झाडांची आठवण होते. पाऊस तोंडावर आलेला असतो, नारळाच्या वाळक्या झावळ्या खालच्या गाड्यांवर पडतील अशी धास्ती असते, आणि बागेच्या कंत्राटदाराला फोन जातो. तो दोन माणसं, एक कोयता आणि दोर पाठवून देतो. फांद्या छाटायला महापालिकेची परवानगी लागते हे 1975 च्या वृक्ष कायद्यामुळे बहुतेक समित्यांना ठाऊक असतं, त्यामुळे तो कागद फायलीला लागलेला असतो. झाडावर चढलेला माणूस खाली आला तर पुढे काय, याचा कागद मात्र सहसा नसतो. विमेवाले आणि कंत्राटदार त्या कागदाला, म्हणजे कामगार नुकसानभरपाईच्या विम्याला, अजूनही जुन्या नावाने ‘डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन) पॉलिसी’ म्हणतात. माझं म्हणणं एवढंच आहे की ही पॉलिसी बागकामाच्या कंत्राटातच असायला हवी आणि तिचा हप्ता ज्यांची बाग आहे त्यांनी भरायला हवा.

मुळात एक गैरसमज दूर केला पाहिजे. विमा काढला तरच भरपाई द्यावी लागते, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात देणं आधीच अंगावर असतं. विमा ते दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवतो, इतकंच. कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1923 चा. 2010 मध्ये त्याच्या नावातला ‘वर्कमन’ जाऊन ‘एम्प्लॉयी’ आला, आणि आता तो 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. घरून कामावर येता-जाता झालेला अपघातही काही अटींवर तिच्यात धरला जातो. भरपाईचं गणित मात्र जुनंच आहे. कामामुळे आणि कामावर असताना मृत्यू आला, तर महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग घ्यायचा आणि वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचा. चाळिशीच्या माणसासाठी तो आकडा 184.17 आहे. या हिशेबासाठी पगाराची मर्यादा 2020 च्या जानेवारीत 15,000 रुपये झाली. म्हणजे चाळीस वर्षांचा, पंधरा हजार मिळवणारा माळी गेला तर 13,81,275 रुपये होतात. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर निम्म्याऐवजी साठ टक्के धरायचे. पाय मोडून दोन-तीन महिने घरी बसावं लागलं तर दर पंधरवड्याला पगाराचा चौथा हिस्सा. मालकाची चूक होती का, हे सिद्ध करण्याची गरज नाही. महिनाभरात पैसे दिले नाहीत तर बारा टक्के व्याज, आणि दिरंगाईला कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड.

कायदा असा भक्कम, पण ज्याने पैसे द्यायचे तो कोण? दहा किंवा अधिक माणसं कामाला असली की राज्य कामगार विमा योजना, म्हणजे ईएसआय, लागू होते आणि 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांचा प्रश्न बराचसा तिथेच सुटतो. बागकामाचे ठेकेदार बहुधा या रेषेच्या अलीकडचे. चार-सहा माणसं, दोन ग्रासकटर, एक फवारणीचा पंप, उधारीवर घेतलेला छोटा टेम्पो, आणि उरुळी कांचनसारख्या ठिकाणच्या नर्सरीवाल्याची थकलेली बाकी, एवढाच त्याचा पसारा. त्याच्याविरुद्ध चौदा लाखांचा निकाल लागला तर विधवेच्या हातात निकालाची प्रत पडेल; पैसे कुठून येणार? वाहनाला तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे, ही पॉलिसी 1923 च्या कायद्याने कधीच सक्तीची केली नाही. सगळी भोकं इथेच आहेत. उलट पॉलिसी असेल आणि ठेकेदाराचं दिवाळं निघालं, तर विमा कंपनीविरुद्धचा त्याचा हक्क कामगाराकडे येतो, अशी सोय कायद्यात आहे. पण पॉलिसीच नसेल तर त्या सोयीचा काय उपयोग!

यावर पहिला आक्षेप ठरलेला: गवत कापण्यात कसला आलाय धोका? खुरपं आणि झारी एवढंच डोळ्यांसमोर असेल तर आक्षेप रास्त वाटतो. पण आजच्या बागेत ग्रासकटरचं पातं खडा उडवतं तो थेट डोळ्यात जातो. ओल्या हिरवळीवर लांबवलेली विजेची वायर आणि अर्थिंग नसलेला पंप पावसाळ्यात जीव घेतो. पालापाचोळ्याच्या ढिगात घोणस किंवा फुरसं बसलेलं असतं. मास्क न लावता केलेली फवारणी त्या दिवशी काही दाखवत नाही. आणि नारळ तो नारळच. अमेरिकेत लॉन आणि बागकामाचा धंदा मोठा आहे, आणि टेक्सास सोडलं तर जवळजवळ प्रत्येक राज्यात हा विमा मालकाला सक्तीचा आहे. तिथे हप्ता दर शंभर डॉलर पगारामागे ठरतो, आणि बागकामाचा वर्ग वेगळा, झाडकटाईचा वेगळा असतो. झाडावर चढणाऱ्याच्या पगारावरचा दर जमिनीवर काम करणाऱ्यापेक्षा बराच चढा. शिवाय ज्याच्याकडे अपघात जास्त, त्याचा हप्ता पुढे वाढतो. हेल्मेट आणि कमरेचा पट्टा विकत घेणं तिथे हिशेबात बसतं ते यामुळे. आपल्याकडे दोन्ही कामं ‘बाग देखभाल’ या एकाच ओळीत, एकाच दरात लिहिली जातात. धोक्याची किंमतच कुठे लिहिलेली नसते, मग तो दिसणार कसा?

दुसरा आक्षेप कामगाराच्या निष्काळजीपणाचा: दारू पिऊन चढला, पट्टा लावला नाही. कायद्याने हा बचाव मालकाला दिला आहे, पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तो चालत नाही. म्हणजे जिथे रक्कम सर्वांत मोठी, तिथेच हा बचाव उपयोगाचा नाही. तिसरी वाट तडजोडीची. लाखभर रुपये घरच्यांच्या हातात ठेवायचे आणि ‘काही मागणं नाही’ असं स्टॅम्प पेपरवर लिहून घ्यायचं. पण मृत्यूची भरपाई कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. परस्पर दिलेले पैसे, थोडा आगाऊ भाग सोडला तर, भरपाईत धरलेच जात नाहीत. हक्क सोडल्याचा करारही कायद्याने निरर्थक आहे. लाख गेले आणि देणं होतं तसंच राहिलं, अशी ही हुशारी.

पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचं नावही हमखास निघतं. वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा. योजना चांगली आहे, प्रत्येक माळ्याने घ्यावी. पण तो त्याचा स्वतःचा विमा आहे. त्याने मालकाचं देणं एका रुपयानेही कमी होत नाही, आणि दोन लाख म्हणजे वरच्या हिशेबाचा जेमतेम सातवा हिस्सा. आता खर्चाचं बोलू. डब्ल्यूसी पॉलिसीचा हप्ता वर्षाच्या एकूण पगारावर आणि कामाच्या प्रकारावर ठरतो. पाच माळी, प्रत्येकी पंधरा हजार, म्हणजे वर्षाचा पगार नऊ लाख. समजा दर दोन टक्के लागला, तर अठरा हजार रुपये. दीडशे सदनिकांच्या सोसायटीत घरटी महिन्याला दहा रुपये. ठेकेदाराला ‘तुझं तू बघ’ म्हटलं, तर सर्वांत कमी दराची निविदा तोच भरेल ज्याने विमा काढलेला नाही. म्हणून ही रक्कम निविदेत वेगळ्या ओळीत मागून सोसायटीनेच भरली पाहिजे.

‘माणूस ठेकेदाराचा, आमचा काय संबंध?’ हा आक्षेप मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. कंत्राटदारामार्फत करून घेतलेल्या कामात मुख्य मालकालाही कायदा धरतो, पण ते काम त्याच्या धंद्याचा भाग असेल तर. बाग राखणं हा सोसायटीचा धंदा आहे का, यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलू शकतात, आणि तोवर वर्षं निघून जातात. ‘तो तर हंगामी माणूस’ ही पळवाट आता तितकी रुंद राहिलेली नाही. नैमित्तिक कामगाराला वगळणारे शब्द 2000 च्या दुरुस्तीने काढून टाकले. अपंगत्व किती धरायचं, यावरची पळवाट तर त्याआधीच अरुंद झाली होती: सत्तरच्या दशकात एका चित्रपटगृहात काम करताना पडलेल्या सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुतारकामापुरतं हे अपंगत्व पूर्णच आहे आणि भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते. कोयता धरणाऱ्या हाताला हे तितकंच लागू पडतं.

कागद मागताना मात्र तो वाचावा. पगार कमी दाखवून हप्ता वाचवलेला असेल तर भरपाईच्या वेळी तोच आकडा समोर येतो. औषधोपचाराचा खर्च आणि पोटठेकेदाराची माणसं बऱ्याचदा जादा हप्ता भरूनच आत येतात. दंड विमा कंपनी भरत नाही, आणि व्याज वगळणारं कलमही पॉलिसीत असू शकतं. कामाचा प्रकार नुसता ‘माळीकाम’ लिहिला असेल तर झाडावर चढणं, फवारणी आणि यंत्रं त्यात लिहून घ्यावीत. आणि मे महिन्यात कोपऱ्यावरच्या नाक्यावरून एका दिवसासाठी आणलेला तो झावळ्या काढणारा? त्याचं नाव कुठल्याच यादीत नसतं. नावांऐवजी माणसांची संख्या आणि एकूण मजुरी जाहीर करून पॉलिसी काढता येते. त्या संख्येत त्याचा एक दिवस धरला आहे की नाही, हे तो झाडावर चढण्याआधी ठेकेदाराला विचारायचं.